बेरीज नव्व्याण्णव

फोर्ट वेनला तीन नद्या भेटतात
आणि संगमावर बुडी मारायला कुणी येत नाही.
पाण्याच्या अलीकडे आमचा बेअरिंगचा कारखाना.
तिथे मी गोल गोष्टी
खरंच किती गोल आहेत ते मोजते.

पहिल्या दिवशी एचआरच्या बाईनं फोल्डर दिलं :
फोर-ओ-वन-के.
मला वाटलं, खोलीचा नंबर असेल.
पगारातले सहा टक्के तू टाकायचे, म्हणाली,
वरून तीन कंपनी टाकेल.
म्हणजे आहेर, आणि परतीचा आहेर.
मी मान डोलावली.
पण वरचे तीन लगेच तुझे नाहीत,
तीन वर्षं पुरी व्हावी लागतात.
तिच्या त्या इंग्रजी शब्दाला
माझ्याकडे एकच शब्द निघाला : मुरणं.
कैरी आज चिरली म्हणून
लोणचं काही आज होत नाही.

लोरेन्सोचं मुरता मुरता राहिलं.
दोन वर्षं दहा महिने झाले
आणि तिसरी पाळी बंद झाली.
स्वतःचे घेऊन गेला, वरचे बरणीतच राहिले.
पार्किंगमध्ये हात हलवला त्यानं,
टपावर विसरलेल्या कॉफीसकट गाडी वळवली.

बाबांचा फंड मिरजेच्या एसटी वर्कशॉपातला.
अर्जावर हिरव्या शाईत मंजुरी,
कारण : मुलीचे लग्न.
तीस वर्षांचं ग्रीस
एका दुपारच्या पंगतीत वाढून झालं.
उरलेली जिलबी आम्ही आठवडाभर खाल्ली.
त्या पैशांचा हिशेब त्यांनी कधी काढला नाही,
लग्न मोडलं तेव्हाही नाही.

एका मार्चमध्ये माझा आकडा घसरला.
मी दोनदा चष्मा पुसला.
आर्लीन म्हणाली, बघत बसू नकोस.
मी जन्मभर दुधाकडे बघत उभी राहिलेली बाई,
न बघता काही नीट राहतं
हे शिकायला मला वेळ लागला.

आर्लीन सफरचंद सोलते तेव्हा साल तुटत नाही.
साल लोंबत असतानाच तिनं भावाचं सांगितलं.
ट्रकवर होता, एकटाच राहायचा.
गेला तेव्हा फॉर्मवर नाव जुन्या बायकोचं.
घटस्फोटाला अकरा वर्षं झाली होती.
मृत्युपत्रात माझं नाव होतं गं,
पण त्या कागदाला कुणी विचारलंच नाही.
नाताळात कार्ड पाठवते ती मला.
चांगल्या कागदाचं असतं.

त्या रात्री पासवर्ड तिसऱ्यांदा जमला.
वारस : निरंजन. शंभर टक्के.
ॲलन काउंटीच्या कोर्टात आम्ही सोफा वाटला,
गाड्या वाटल्या, भांडी वाटली,
कुकर माझ्याकडे आला, शिट्टी त्याच्याकडे गेली.
ही ओळ कुणाच्याच ध्यानात नव्हती.
दर दुसऱ्या शुक्रवारी, न चुकता,
मी मेले तर त्याचं भलं होईल
अशी तजवीज करत होते मी.

नाव खोडायला चार सेकंद लागले.
मग आई. मग धाकटी वसुधा. मग तिचा ओजस.
तेहतीस, तेहतीस, तेहतीस.
लाल अक्षरं आली :
बेरीज नव्व्याण्णव. पुढे जाता येणार नाही.

आमच्याकडे वाटणाऱ्यानं शेवटी घ्यायचं.
आई कलिंगड कापायची
आणि सालीलगतचं पांढरं तिच्या वाट्याला.
पण या वाटणीत वाटणारी नसणारच,
तीच तर अट आहे.

कुणाला तरी चौतीस देऊन मोकळं होता आलं असतं.
मी चौथी ओळ उघडली.
आर्लीन हफनेगल. टक्के : एक.
ती सदुसष्ट वर्षांची,
माझ्या फंडाचं नावच दोन हजार पन्नास.
नातं काय, यंत्रानं विचारलं.
पती, अपत्य, ट्रस्ट, अन्य.
अन्य.

उद्या जेवणाच्या सुट्टीत
ती फोड माझ्याकडे सरकवेल.
तेव्हा सांगायचं की नाही
ते अजून ठरलेलं नाही.